आहेराची कोंबडी

"वडगाव रासाईचे पोपटराव यांच्याकडून नवरदेवाला आहेर, भिंतीवरचं घड्याळ!" माईकवाला ओरडला, आणि बायकांच्या पंगतीत बसलेल्या तेजश्रीचा घास हातातच राहिला.

घड्याळ कसलं? तिचे सासरे पोपटराव आज पाटसच्या या लग्नाला पिशवीतून घेऊन आले होते ती कडुलिंबाच्या लाकडाची कोंबडी. शेपटी दाबली की अंडं घातल्यासारखी पोटातून टपकन सुपारी पडायची. गोठ्याच्या कोपऱ्यात बसून, बोटं सोलून घेऊन तेजश्रीनं ती घडवली होती. पहिल्यांदा सुपारी पडली तेव्हा ती एकटीच खुदकन हसली होती.

तिला या असल्या वस्तूंचं वेडच होतं. मान हलवून हो म्हणणारा बैल, दार ओढलं की आतून म्हातारी डोकावणारी एसटी, किल्ल्या अडकवायला दौंडची रेल्वे. भावकीत लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, घरातून आहेर म्हणून तिचीच वस्तू निघायची. द्यायला मात्र आबा जायचे. घरात आणि गावात सासऱ्यांना सगळे आबाच म्हणत. आहेर घरच्या कर्त्यानं द्यायचा हा त्यांच्याकडचा रिवाज, म्हणून त्या पिशवीला दुसरं कुणी हात लावत नसे. वस्तू आवडल्याचं कुठूनच कधी कानावर आलं नाही, याचं तिला कोडं पडायचं. माणसं कामाच्या धबडग्यात असतात, अशी ती स्वतःचीच समजूत घालायची. आजवर बायकांची पंगत स्पीकरपासून लांबच पडायची. आज नेमका कर्णा डोक्यावर होता.

म्हणजे एकही वस्तू कुणाच्या घरी पोचली नव्हती. पोपटरावांच्या घरून खेळणं आलं असं माईकवर पुकारलं जायला नको, म्हणून आबा वस्तू बदलत होते. तिला भर मांडवात रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

दौंडात स्टेशनजवळ सोनमचं, तिच्या मैत्रिणीचं, भेटवस्तूंचं दुकान होतं. तुझ्या वस्तू माझ्याकडे ठेव, असं टुमणं सोनमनं कधीचं लावलं होतं. आज संध्याकाळपर्यंत काय ते कळव, नाहीतर काचेचं कपाट दुसऱ्या कुणाला देते, असं तिनं सकाळी फोनवर बजावलंही होतं. तेजश्री हो म्हणणार होती. आपल्या माणसांनी एवढ्या वस्तू घेतल्या, तर परकेही घेतील, एवढाच तिचा धीर होता. तो आता गेला. ज्या वस्तूची घरच्याच माणसाला लाज वाटते, ती बाजारात कुठल्या तोंडानं मांडायची? तिनं मोबाइलवर 'नको' लिहिलं. पाठवणार तोच गाडी सुटायची हाक आली.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर बसली. गाडी तिचा नवरा विश्वजीत चालवत होता. त्याच्या शेजारी आबा बसले होते आणि त्यांच्या मांडीवरची पिशवी अजून फुगलेलीच होती. गावाजवळ नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. स्टार्टर बघून येतो, तुम्ही व्हा पुढं, म्हणाले. पिशवी त्यांच्याबरोबर उतरली. करंट बसेल म्हणून या खोलीकडे ते कुणाला फिरकू देत नसत. किल्ली कायम त्यांच्या कमरेला असायची.

आबा वस्तू भीमेत सोडत असतील, असं तेजश्रीला वाटलं. कोथिंबीर उपटून आणते असं सांगून तीही उतरली आणि उसाच्या कडेनं मागोमाग गेली. आबा नदीकडे गेले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं आणि आत शिरले.

तिनं दारातून पाहिलं. भिंतीला फळ्या ठोकल्या होत्या. फळ्यांवर स्वच्छ धुतलेलं पोतं अंथरलेलं. त्यावर तिचा बैल, तिची एसटी, तिची रेल्वे, आजवर आहेराला गेलेलं सगळं ओळीनं मांडलेलं. कशावर धुळीचा कण नव्हता. बैलाच्या मानेला कुणीतरी तेलही घातलं होतं. आबांनी पिशवीतून कोंबडी काढली, मधोमध ठेवली आणि शेपटी दाबली. सुपारी पडली. साखर कारखान्याच्या मीटिंगा आवाजानं हलवणारा हा माणूस तोंडावर उपरणं धरून हसला. त्यांनी सुपारी परत आत घातली आणि पुन्हा शेपटी दाबली.

"आबा," तेजश्री म्हणाली.

आबा एकदम दचकले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"मला वाटलं, माझ्या वस्तूंची तुम्हाला लाज वाटती."

"लाज कसली, पोरी?" आबा खाली बघत म्हणाले. "मांडवात आहेर कोण उघडून बघतंय? आला तसा खोका दुसऱ्या लग्नात ढकलत्यात. आपल्या माळ्यावरली घड्याळं कुठनं आली? म्याबी तीच ढकलली. तुझी कोंबडी कुणाच्या माळ्यावर पडून ऱ्हाईल, हे जिवाला पटंना. आन् ह्या वयात खेळतोय म्हणून कुणाला सांगायची सोय न्हाई."

तेजश्रीचे डोळे भरून आले. तिनं त्यांना सोनमच्या दुकानाचं सांगितलं, संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे तेही सांगितलं. बोलता बोलता पदराआड मोबाइलवरचं 'नको' पुसून टाकलं.

"व्हय म्हणून कळव," आबा म्हणाले आणि सरकून फळ्यांसमोर आडवे उभे राहिले. "पर दुकानासाठी नवं घडव. ह्यातलं एकबी मिळायचं न्हाई."