तीन आमदारांचा मतदारसंघ

खाण ढासळली तेव्हा आत जिवंत असलेल्या माणसांना बाहेर का काढलं नाही, या प्रश्नासाठी आम्ही एकामागून एक तीन आमदार निवडून दिले. पहिले वकीलसाहेब; त्यांच्या पक्षाचं सरकार उत्तराआधीच पडलं. दुसरे डॉक्टर; ते भर अधिवेशनात वारले. तिसरा माझा सख्खा दीर. मंत्री झाल्यावर म्हणाला, “वहिनी, गेलेली माणसं परत येणार आहेत का?” पुढे खाण बंद पडली, गाव पांगलं. यंदा मीच उभं राहायचं ठरवलं. निवडणूक कचेरीत कारकुनानं माझा अर्ज वाचून नवा नकाशा पुढे सरकवला. “बाई, हा मतदारसंघच रद्द झालाय. मतदार फार कमी झाले.” “कसे कमी झाले, तेच तर विचारायचंय!” तो वरमला. “आता कुठून विचारणार? गाव तीन मतदारसंघांत वाटलंय.” मी अर्ज परत मागितला. त्यात खाणीत राहिलेल्या नवऱ्याचं नाव होतं. ते तरी रद्दीत जायला नको.