सूतकताईचे चौदा गुण

"पन्नासापैकी चौदा," श्रावण म्हणाला. "गुरुजी, हे काऊन?"

किसनराव गुरुजींनी चरख्यावरचा हात थांबवला नाही. शाळेला सुट्टी होती, तरी दुपारचे ते उद्योगाच्या वर्गातच बसत. मॅट्रिकच्या पोरांना सूतकताई शिकवणारे तेच आणि गुण देणारेही तेच.

"आधी बस."

श्रावण बसला नाही. तो सिंदी मेघेहून उन्हातान्हात चालत आला होता आणि त्याचं डोकं उन्हापेक्षा जास्त तापलं होतं. गणितात चौऱ्याऐंशी, शास्त्रात एकाहत्तर, इंग्रजीतसुद्धा रडतखडत का होईना पास. आणि घोडं अडलं ते सुतापाशी! सात गुणांनी सेकंड डिव्हिजन हुकली. नागपूरच्या कॉलेजातल्या कारकुनाने गुणपत्रिका खिडकीतूनच परत केली होती. "सायन्सला थर्ड डिव्हिजन घेत नाही. शाळेनं दिलेल्या गुणांत चूक असेल, तर शनिवारपर्यंत दुरुस्त करून आणा," असं तो वर मान न करता म्हणाला होता. आज गुरुवार होता.

आठवीपासून श्रावणला इंजिनियर व्हायचं होतं. पूल बांधायला निघालेल्या माणसाला धाग्याने अडवावं, याचा त्याला मनस्वी संताप आला होता.

"सूत चांगलं असतं तर मी गुण कशाला कापले असते?" गुरुजी म्हणाले.

"सूत चांगलंच होतं."

एवढं तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता. त्यांच्या घरचं सूत खादी भांडारवाले ओढून न बघताच ठेवून घेत. परीक्षेला प्रत्येकाने घरी कातलेल्या सुताची गुंडी, म्हणजे लड, आणायची होती; फडक्यात बांधलेली गुंडी त्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने या टेबलावर ठेवली होती.

गुरुजी उठले. कपाट उघडून त्यांनी एक गुंडी त्याच्यापुढे टाकली. सूत कुठे सुतळीएवढं जाड, तर कुठे केसाएवढं बारीक, आणि वीतभर अंतराने एकेक गाठ. "ओढून पाहिलं तर तीनदा तुटलं," गुरुजी म्हणाले. "चौदासुद्धा दया येऊन दिले."

श्रावण बघतच राहिला. "हे सूत माह्यं नाई, गुरुजी."

"तुझ्या फडक्यातून निघालं. फडक्यावर टाचलेली तुझ्या नावाची चिठ्ठी मीच काढून गुंडीला बांधली."

"मंग तिथंच अदलाबदल झाली. गोपिकेले सेहेचाळीस भेटले. तुमची भाची हाय ते."

गुरुजींचा चेहरा उतरला. दुसरा कोणी मास्तर असता तर त्याने कानाखाली काढली असती. गुरुजींनी मात्र चरखा त्याच्याकडे सरकवला आणि बाजूला कापसाचे पेळू ठेवले.

"बस. माझ्यासमोर अर्धा तास कात. बरं निघालं तर सात काय, वीस गुण वाढवतो. हेडमास्तरांची सही मी आणतो."

श्रावणने चरख्याकडे पाहिलं. त्याने पाय मात्र पुढे टाकला नाही.

"माह्यावर इश्वास नाई काय?"

"यात विश्वासाचा प्रश्न कुठे आला?"

"म्या एकदा परीक्षा देल्ली, गुरुजी. आता पुन्हा काऊन देऊ? गोपिकेले बसवता काय तुम्ही?"

गुरुजींनी गुंडी उचलून त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. नीट बघ. उद्या वाटलं तर ये, चरखा इथंच आहे."

परतीच्या वाटेवर श्रावणने मनातल्या मनात शिक्षणाधिकाऱ्यांना तीन अर्ज लिहिले, एकापेक्षा एक तिखट. अर्ज शनिवारच्या आत पोचणार नाही हे त्याला कळत होतं. त्याच्यापेक्षा गणितात वीस-वीस गुण कमी असलेली पोरं नागपूरला जाणार होती, आणि तो बापासोबत वांग्याला पाणी देत बसणार होता. त्याला रडू येत होतं आणि त्या रडूचाही राग येत होता.

ओसरीवर त्याची आई पंचफुला बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. त्याने गुंडी तिच्यापुढे भिरकावली.

"पाय, माय. गुरुजीनं आपली गुंडी भाचीच्या नावावर घातली अन् हा कचरा माह्या नावावर खपवला. म्हणे, तुह्याच फडक्यातला हाय. याचे चौदा मार्क! माह्यं कॉलेज गेलं ना."

पंचफुलाने पदराला हात पुसले आणि गुंडी उचलली.

"त्यायनं मले तिथंच कातायले बस म्हणलं," श्रावण म्हणाला. त्याचा आवाज आता फुटत होता. "मले टकळी तरी धरता येते काय? वर्षभर गणितातून डोकं वर काढलं नाई म्या. तूच सांग, असं सूत तुह्या हातून कधी निंगलं काय?"

पंचफुलाने धागा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. एका गाठीवरून अंगठा फिरवला आणि ती खुशीत हसली.

"बदलली नाई बाप्पा कोणी, आपलीच हाय हे," ती म्हणाली. "नवशिक्या पोरानं कातल्यावानी दिसलं पाह्यजे म्हणून म्या मुद्दाम जाड-बारीक काढलं, गाठी पाडल्या. हात आयकतच नव्हता माह्या, तीन दिस लागले या एका गुंडीले. मास्तरले शक तर नाई आला ना?"