टॅक्सची दुप्पट

बिलावर टॅक्सच नव्हता. लेनर्डनी चष्मा पुसला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. छे! अंडी होती, पॅनकेक होते, कॉफी होती. टॅक्सचा पत्ता नाही.

आता टिप काढायची कशी? त्यांचा सगळा जन्म बफेलोत गेला, आणि तिथे टिप काढायचं खातं बायकोकडे, बर्निसकडे. ती टॅक्सच्या आकड्यावर बोट ठेवायची, त्याची दुप्पट करायची, वर थोडी चिल्लर. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा टिपेच्या हिशेबानं लेनर्डना दरदरून घाम फुटला होता. तिनं हसत हसत ही युक्ती शिकवली आणि गडी तिथेच खलास झाला. आता तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्यांनी वाढणाऱ्या बाईला बोलावलं, टॅक्स लावायला विसरलात म्हणून सांगितलं. ती हसली. ऑरेगनमध्ये टॅक्स नसतोच काका, बाहेरून आलात वाटतं, म्हणाली.

बाहेरूनच तर. लेनर्डना एकदम भरून आलं. बफेलोचं घर विका आणि कायमचे माझ्याजवळ राहा, असा मुलीनं, मॉरीननं, कधीपासून धोशा लावला होता. आज नाश्त्याला तिला सरळ नाही म्हणून सांगायचं आणि परत जायचं, असं ठरवूनच ते आले होते. बर्निसची एवढीशी युक्ती जिथे चालत नाही, तिथे राहून करायचं काय?

तेवढ्यात हात धुवायला गेलेली मॉरीन टेबलाशी परत आली.

"मॉरीन, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"थांबा बाबा, मध्ये बोलू नका, चुकेल माझं." तिनं बिल ओढून घेतलं आणि पुटपुटायला लागली. "बफेलोत असतो तर टॅक्स लागला असता... सव्वादोन. दुप्पट, साडेचार. पाच ठेवू."

लेनर्ड बघतच राहिले. "अगं, पण इथे टॅक्स नसतो ना?"

"नसू दे की. मी मनातल्या मनात लावते. इतकी वर्षं झाली इथे येऊन, पण आईनं दुसरं काही शिकवलंच नाही ना!" तिनं पाचाची नोट बशीखाली सरकवली. "हं, काय म्हणत होता?"

लेनर्डनी उरलेली गार कॉफी सावकाश संपवली.

"काही नाही गं. घर विकू या म्हणत होतो."