पडद्यावरचा पाहुणा

तिच्यासमोर रडारच्या पडद्यावर पुन्हा दोन ठिपके उमटले. उतरायला आलेलं विमान मात्र एकच होतं.

"आला बघ पाहुणा," शेजारच्या खुर्चीतून काका म्हणाले. मनोऱ्यात बसून विमानं उतरवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, तिचं जेमतेम एक.

धावपट्टीच्या टोकाला पत्र्याचं गोदाम उभं राहिल्यापासून हा ताप होता. रडारच्या लहरी पत्र्यावर आपटून परतायच्या आणि एका विमानाची कधीकधी दोन दिसायची. तीनदा लिहून झालं, वरचे ढिम्म. मग काय, रोज मरे त्याला कोण रडे! ड्यूटी संपवून उठणारा बसणाऱ्याला सांगायचा, "डावीकडचा आपला पाहुणा. त्याला विचारायचं नाही."

गेल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं. या पाहुण्याला घाबरून दीडशे माणसांचं विमान वळवलं, लेखी खुलासा दिला, आणि वर सगळ्यांनी तिची यथेच्छ टर उडवली.

"काका, हा विमानाबरोबर सरकत नाहीये. आडवा येतोय. खरंच कोणी असलं तर?"

"असतं तर रेडिओवर बोललं नसतं? की पुन्हा खुलासा लिहायचाय?" काका हसले. मागे कोणीतरी खाकरलं.

तिचा अंगठा माइकच्या बटणावर होता. 'उजवीकडे वळा', एवढंच तर म्हणायचं. पण त्या खाकरण्याने तिचे कान तापले. जिवापेक्षा लाज मोठी वाटली, दुसरं काय! तिने अंगठा उचलला.

मिनिटभरात वैमानिकाचा आवाज फुटला. "आमच्या पोटाखालून बारकं विमान गेलं! थोडक्यात वाचलो. सांगितलं का नाहीत?"

काका उठून उभे राहिले. मोठ्या विमानामागच्या वावटळीत बारकं विमान तग धरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर डावीकडे आता काहीच नव्हतं. काचेबाहेर, गोदामाच्या पलीकडून काळा धूर वर चढत होता.

फोन वाजला. कोणी हात लावेना, तेव्हा तिनेच उचलला. पलीकडे वैमानिक शाळेचे मास्तर होते.

"आमची एक मुलगी आज पहिल्यांदाच एकटी गेलीय. विमानातली वीज गेलेली दिसते, रेडिओ लागत नाही. पण पोरगी धीराची आहे, येईल तुमच्याकडेच. तेवढी मोठी विमानं जरा बाजूला ठेवा. दिसतेय ना तुम्हाला?"

काकांनी मान हलवून 'नाही' म्हणायला सांगितलं.

"दिसत होती," ती म्हणाली. "मला दिसत होती."