एका आंघोळीचे तीन मणी

बिबियानाने आगाथा आजीचा पाय उचलून न्हाणीघरातल्या दिव्याकडे वळवला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी लाल आणि तकतकीत झाली होती. नडगीवर दोन ठिकाणी ती सुटली होती आणि तिथून पाण्यासारखा स्राव येत होता.

“जेम्मा, घासणी खाली ठेव.”

जेम्माने ती अंग घासायची हिरवी खरखरीत घासणी तशीच हातात धरून ठेवली. “ताई, अजून सुरुवात कुठे केलीय? पाठ राहिली, दंड राहिले.”

“इथे घासून झालंय. पुष्कळदा.” बिबियाना आजीसमोर उकिडवी बसली. एकतीस वर्षं तिने दवाखान्यात जखमा बांधल्या होत्या. “आजी, आमच्याआधी कोण आलं होतं?”

प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर टॉवेल गुंडाळून बसलेली आजी बोटांवर मोजू लागली. “काल वेदीची फुलं लावणाऱ्या बायका. परवा गायनवृंदातल्या. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर कॉलेजच्या मुली. त्याआधी तुमच्यासारख्याच जपमाळवाल्या, पण दुसऱ्या. आणि एक जोडपं. नवऱ्याला बाहेर बसवलं होतं हो.”

“सगळ्यांनी आंघोळ घातली?”

“घातली की. मळ निघेना, तर बिचाऱ्या घामाघूम झाल्या.”

दहा दिवसांत पाच आंघोळी. या वयात वरची कातडी नवी यायला महिन्याहून जास्त काळ लागतो. मळ दुसऱ्या आंघोळीलाच संपला असणार. पण मळाच्या वळकट्या हाताला लागल्याशिवाय आंघोळ घातल्यासारखं कुणाला वाटत नाही, म्हणून प्रत्येकीने आधीच्यांपेक्षा जास्त जोर लावला होता. शेवटी निघाली ती कातडी.

उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी चर्चच्या दालनात प्रत्येक गटाच्या नावाने एकेक कागदी द्राक्षघोस लागला होता. मणी कोरे. ईस्टरपर्यंत आजाऱ्याची भेट घेतली की एक जांभळा मणी चिकटवायचा, आंघोळ घातली की तीन.

“आपले चारच मणी भरायचे राहिलेत,” जेम्मा हळू आवाजात म्हणाली. “ईस्टरआधी झावळ्यांच्या रविवारी फादर सगळे घोस वेदीपाशी नेणार. आपला एकटाच अर्धवट बरा दिसेल का?”

“मग टेकडीवरच्या माएंग आजोबांकडे जाऊ. त्यांना कुणी घातलीय आंघोळ?”

“त्यांच्याकडे गरम पाणी नाही. सव्वाशे पायऱ्या आहेत. आणि शिव्या किती देतात. गेल्या वर्षी आपल्या फिलोमेनाला टमरेल फेकून मारलं.”

“म्हणजे पाच गटांत त्यांच्या नावाचा एकही मणी नाही.”

“ताई, आता उपवासकाळात तरी चिडू नका.”

“मग कधी चिडू? ईस्टरला?”

जेम्माने टबात हात घालून पाणी पाहिलं. “बरं, घासत नाही. नुसतं अंगावर ओतते. आंघोळ ती आंघोळ.”

बिबियानाने टब उचलला आणि पाणी मोरीत ओतून दिलं.

“करू दे गं तिला,” आजी म्हणाली. “मला सवय झालीय.”

“दुखत नाही?”

“दुखतं.”

“मग नको म्हणायचं, आजी.”

आजीने टॉवेलचं टोक मांडीवर नीट केलं. “गेल्या साली ईस्टर झाला, त्यानंतर या उपवासकाळापर्यंत दाराची घंटा वाजवली ती फक्त गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाने. नको म्हटल्यावर येईल कोण?”

बिबियानाने पिशवीतून सलाइनची बाटली काढली, जखम धुतली, टिपली, मलम लावून वर जाळीचा कपडा बांधला. आजीला कापूस भरलेला सदरा चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली आणि खोलीत खालून तापवलेल्या जमिनीवर आणून बसवलं. जेम्मा वही उघडून दाराशी उभी होती.

“आज काय लिहू? भेट लिहू का? एक तरी मिळेल.”

“लिही, जखम दिसली म्हणून आंघोळ घातली नाही.”

“त्याला मणी नसतो, ताई.”

चर्चच्या पत्रकाची मागची कोरी बाजू घेऊन बिबियानाने ठळक अक्षरांत लिहिलं: पायाला जखम आहे. दोन आठवडे आंघोळ घालू नये. बसून बोलावं. हा कागद दारावर बाहेरून लावायचा होता. ती चिकटपट्टी शोधू लागली तेवढ्यात घंटा वाजली.

बाहेर बायकांचं हसणं ऐकू आलं. एक टब भिंतीला आपटला. “आगाथा आजी, आहात ना? चर्चच्या रविवारच्या शाळेच्या शिक्षिका आलोत.”

बिबियानाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. तिघी होत्या. पुढचीच्या हातात नवी कोरी घासणी होती, अजून पुठ्ठ्याला टाचलेली.

“आज आंघोळ नाही,” बिबियाना म्हणाली. “आजींना जखम झालीय. सगळ्यांनी घासून घासून झालीय.”

त्या बाईचा चेहरा पडला. “पण आम्ही तर पहिल्यांदाच येतोय,” ती म्हणाली.

बिबियानाने मागे वळून पाहिलं. आजी दाराकडे तोंड करून बसली होती. तिने सदऱ्याची वरची तीन बटणं काढली होती आणि चौथं चाचपत होती.