मीटरवरचा बाप्पा
इंदूरच्या डीलरकडे गाडी बघितली तेव्हाच मीटरच्या काचेवर छोटासा गणपती चिकटवलेला होता. किल्ली देताना डीलर हात जोडून म्हणाला, "भाभीजी, इन्हें कभी मत निकालना." पाच वर्षं वापरलेली, पण सहा एअरबॅगवाली मोठी गाडी! माझ्या नवऱ्याचं, रितेशचं, अख्ख्या बऱ्हाणपुरात सांगून झालं. मी रोज सकाळी त्या गणपतीला कुंकू लावायचे. चार महिन्यांनी, भर मे महिन्यात, असीरगडचा घाट उतरताना उन्हाने गोंद सुटला आणि बाप्पा रितेशच्या मांडीवर पडले. त्यांच्या जागी काचेत लाल दिवा पेटलेला दिसला: बसलेला माणूस आणि त्याच्या तोंडासमोर गोल फुगा. "रितेश, हे काय?" त्याचा चेहरा उतरला. "एअरबॅगचा दिवा. हा चालू असला की एकही उघडत नाही." "कधीपासून चालू आहे?" त्याने मांडीवर पडलेल्या बाप्पाकडे एक नजर टाकली. पुढच्या वळणावरून ट्रक वर येत होता. सहा महिन्यांची सायली माझ्या मांडीवर झोपली होती. चार महिने ती याच सीटवर झोपत आली होती. मागून सासूबाई म्हणाल्या, "भूमिका, देव होता तिथे लाव बरं, मग कसली भीती!" पहिल्यांदाच मी त्यांचं ऐकलं नाही. सायलीला उचलून मागे त्यांच्या हातात दिलं, बाप्पाला पर्समध्ये ठेवलं, आणि उरलेला घाट त्या लाल माणसाकडे बघत उतरले.