देव्हाऱ्याची तपासणी

मेट्रो स्टेशनच्या दारात सिक्युरिटीचा साहेब ओरडला, "देव्हारा मशीनमध्ये टाका!"

कडकलक्ष्मी घेऊन फिरणाऱ्या बाईने डोक्यावरचा देव्हारा आणखी घट्ट धरला. "आई हाय ती. पट्ट्यावर आडवी घालू व्हय?"

"मग बाहेर व्हा. नियम सगळ्यांना सारखाच."

मागची रांग कुरकुरायला लागली. तेवढ्यात तपासणीवरची गार्ड पुढे आली. तिने बूट काढले, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि जोडले. "मावशी, आईचं दर्शन घेऊ का? दारं तुम्हीच उघडा."

बाईने दारं उघडली. गार्डने नमस्कार केला, मग विचारून विचारून कोपरान् कोपरा पाहिला. आईच्या साडीची घडी मात्र बाईलाच उलगडायला लावली. शेवटी हळूच म्हणाली, "ऊद जाळायला काडेपेटी लागत असेल ना? ती गाडीत चालत नाही."

बाईने कनवटीची काडेपेटी काढून तिच्या हातावर ठेवली. वर तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

साहेब मात्र गुरगुरला, "ड्यूटीवर दर्शन घेतेस?"

"तपासणीच केली, सर." तिने बूट चढवले आणि काडेपेटी त्याच्यापुढे धरली. "मशीनला कोण आपणहून काढून देतं?"